नाणे चुकले की नाण्याने मार खाल्ला?

मंडळी, खिशातली किंवा चंचीतली मोड काढून पुढ्यात मांडा. रुपया असेल. दोन रुपये असतील. पाचाचे पिवळे नाणे असेल. दहाचे दुरंगी असेल. आता एकेक नाणे उजेडात धरून नीट पाहा. एखाद्याचा काठ दबलेला दिसेल. एखाद्यावर ओरखडा असेल. एखादे काळे पडलेले असेल. आणि क्वचित एखादे असे निघेल, की त्यावरचे चित्रच एका अंगाला सरकले आहे.

यांतल्या बहुतेक नाण्यांनी मार खाल्लेला असतो. टाकसाळीतूनच चुकून आलेले नाणे हजारो नाण्यांत एखादे. हा फरक ओळखता येणे आता गरजेचे झाले आहे. कारण या फरकाच्या आडून लोक फसवले जात आहेत. मोबाइलवर नाण्याचे चित्र येते. खाली लिहिलेले असते, ‘असे नाणे तुमच्याकडे आहे काय? लाख रुपये मिळतील.’ आणि लाख मिळण्याआधी आपल्यालाच काही हजार भरायला सांगतात. लाख काही येत नाहीत. हजार मात्र जातात.

तेव्हा आधी नाणे कसे होते ते पाहू. ते एकदा समजले की पुढचे सोपे आहे.

सरकारी नाणी पाडण्याच्या जागेला टाकसाळ म्हणतात. आपल्या देशात अशा चार टाकसाळी आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नोएडा हे गाव दिल्लीला लागून आहे. मुंबईची टाकसाळ कोट भागात आहे. ती इंग्रजांच्या वेळची, पण नाणी आजही पाडते.

घरी पुऱ्या कशा करतात? एक मोठी पोळी लाटायची आणि तिच्यातून वाटीने गोल गोल पुऱ्या पाडायच्या. टाकसाळीत तसेच करतात. धातूची लांब पट्टी असते. यंत्र तिच्यातून गोल चकत्या पाडते. या चकत्या अगदी कोऱ्या असतात. मग त्या भट्टीत तापवून मऊ करतात. नंतर त्यांचा काठ चहूकडून दाबून जरा उंच करतात. ताटाला काठ असतो ना, तसा.

मग येतो ठसा. एक ठसा वर असतो, एक खाली. एकावर तीन सिंहांचे चित्र कोरलेले, दुसऱ्यावर आकडा. चकती मध्ये बसते. तिच्याभोवती पोलादाचे एक कडे असते. वरचा ठसा फार मोठ्या दाबाने खाली येतो. धातू कणकेसारखा दबतो आणि ठशाच्या खाचांत शिरतो. बाहेर पसरू म्हणेल तर कडे त्याला पसरू देत नाही. नाणे तयार. काही नाण्यांच्या काठावर बारीक दाते असतात. ते या कड्यामुळेच उमटतात. आजची यंत्रे एका मिनिटाला अशी शेकडो नाणी पाडतात. तपासणी होते. खराब नाणी बाजूला काढतात. पण एवढ्या लोंढ्यात एखादे चुकार नाणे निसटते आणि फिरत फिरत तुमच्या हाती येते.

आता मुख्य गोष्ट. ठसा पडेपर्यंत जे बिघडले ती टाकसाळीची चूक. ठसा पडून नाणे बाहेर आल्यावर जे बिघडले तो मार. मग तो मार घणाचा असो, कानशीचा असो, विस्तवाचा असो की आगगाडीच्या चाकाचा असो. नाणे हातात घेतले की एकच प्रश्न विचारायचा. ‘हे टाकसाळीत घडू शकेल काय? आणि घडेल ते कोणत्या पायरीवर?’ याचे उत्तर सापडले नाही, तर ते नाणे मार खाल्लेले समजावे.

सर्वांत सोपी परीक्षा बोटाची आहे. नाण्यावर एक रेघ दिसते. ती उंच आहे की खोल? नखाने चाचपून पाहा. मोदकाच्या साच्याला चीर पडली तर मोदकावर काय उमटते? चीर उमटत नाही. तिथे उंच शिर उमटते, कारण पीठ त्या चिरेत शिरते. ठशाचेही तसेच. पुष्कळ नाणी पाडून पाडून ठसा तडकतो. तडकलेल्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर बारीक उंच रेघ येते. ती वेडीवाकडी असते, पुष्कळदा काठापासून निघते, अक्षरांवरून जाते. ही टाकसाळीची चूक. उलट, खिळ्याने, चाकूने किंवा फरशीवर घासून पडलेली रेघ खोल असते. तिच्या दोन्ही बाजूंना उकरलेला धातू बारीक वर आलेला असतो. शेतात नांगराच्या तासाला दोन्हीकडे माती वर येते ना, तशीच. हा मार.

आता अक्षर गेलेले नाणे घ्या. सालाचा एक आकडा दिसत नाही, किंवा ‘भारत’मधला ‘त’ पुसट आहे. कधीकधी ठशाच्या खाचेत तेलकट मळ भरतो. मग धातूला आत शिरायला जागा राहत नाही आणि ते अक्षर उमटतच नाही. अशा नाण्यावर ती जागा सपाट आणि गुळगुळीत असते. शेजारची अक्षरे मात्र ठसठशीत असतात. हाताळून झिजलेल्या नाण्याचे तसे नसते. त्यावर जे उंच असेल ते आधी झिजते, म्हणून सिंहांची तोंडे, अंक, काठ, सगळेच थोडेथोडे जाते. आणि कोणी एकच अक्षर मुद्दाम घासून काढले असेल, तर त्या जागी एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. साधे भिंग असले तर बरे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असते. तो बघू देतो.

आता काठाला चावा घेतल्यासारखे दिसणारे नाणे. यात फसवणूक फार होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुऱ्या पाडताना वाटी चुकून आधीच्या भोकावर थोडी चढली तर काय होते? चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेली पुरी निघते. टाकसाळीतही पट्टी नीट पुढे सरकली नाही तर चावलेली चकती निघते. तिच्यावर तसाच ठसा पडतो आणि चावलेले नाणे तयार होते. ही खरी चूक. छंदी लोक अशी नाणी जमवतात. पण लबाड माणूस तोच चावा घरी कानशीने घेऊ शकतो. मग ओळखायचे कसे?

चाव्याकडे पाहू नका. चाव्याच्या बरोबर समोरचा काठ पाहा. चकतीचा काठ उंच करताना ती समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला तुकडाच नसेल तर तिथे दाब बसत नाही, आणि म्हणून समोरच्या बाजूलाही पुरेसा बसत नाही. तिथला काठ बसका, पुसट राहतो. खऱ्या चावलेल्या नाण्यात ही खूण बहुधा सापडते. घरी कापलेल्या नाण्यात समोरचा काठ चांगला उभा असतो, कारण ते नाणे पूर्ण तयार झाल्यावर कापलेले असते. दुसरी खूण अशी. खऱ्या चाव्याजवळची अक्षरे चाव्याकडे थोडी ओघळल्यासारखी, पसरट दिसतात. दाबाखाली धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, त्यामुळे असे होते. कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने भाकरी कापावी तसे सरळ तुटलेले असते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंनी आम्हाला असेच एक नाणे दाखवले. दोन रुपयांचे होते. काठाला चावा होता. त्यांच्या मुलाने त्याचे चित्र मोबाइलवर कुठेतरी पाठवले होते. दुसऱ्याच दिवशी एका गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. नाणे दुर्मिळ आहे, दोन लाखांना जाईल, पण आधी नोंदणीचे एकवीसशे रुपये भरा, असे तो म्हणाला. बाईंनी शेळी विकायला काढली होती. गिऱ्हाईक ठरले होते. गुरुवारचा बाजार दोन दिवसांवर होता.

आम्ही नाणे उन्हात धरले. चाव्याच्या आत कानशीच्या आडव्या रेघा स्पष्ट होत्या. समोरचा काठ नवा कोरा, उभा. आम्ही म्हणालो, ‘बाई, हे टाकसाळीत झालेलं नाही. हे कोणीतरी कानशीनं केलंय.’ त्यांना पटेना. ‘गुरुजी, तो माणूस सायेब होता, इंग्रजीत बोलत होता,’ असे त्या म्हणाल्या. मग आम्ही एक जुना पत्र्याचा तुकडा आणला, त्यावर कानस फिरवली आणि दोन्ही रेघा त्यांच्याच डोळ्यांनी ताडून पाहायला लावल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. शेळी बाजारात गेली नाही. नंतर तो फोनवाला चार वेळा बोलला. शेवटी ‘निदान हजार तरी भरा’ म्हणू लागला. दोन लाखांचे नाणे घेणाऱ्याला हजार रुपयांची एवढी घाई कशाला असावी, हे बाईंनी त्यालाच विचारले. मग फोन बंद झाला.

पुढे चला. चित्र सरकलेले नाणे. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूला पडते आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या धातूची कोर उरते. ही कोर सपाट असते, आणि ती नाण्याच्या दोन्ही अंगांना एकाच जागी असते. चित्र अर्धे तुटलेले असते, पण जेवढे आहे तेवढे ठसठशीत असते. घणाने ठोकलेल्या नाण्यात असे नसते. तिथे अक्षरे दबून पसरतात, ठोकल्याचे खळगे दिसतात, नाणे थोडे वाकते. मुले आगगाडीच्या रुळावर नाणे ठेवतात. (ठेवू नये. जीव जातो.) ते चपटे, लांबट होते आणि अक्षरे भुतासारखी पसरट दिसतात. त्याला कोणी ‘टाकसाळीतले पातळ नाणे’ म्हटले तर हसावे आणि पुढे जावे.

कधी वरचा ठसा यंत्रात सैल होऊन फिरतो. मग नाण्याची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी किंवा उलटी होते. हे पाहायची युक्ती अशी. सिंह सरळ उभे राहतील असे नाणे धरा. वर एक बोट, खाली अंगठा. आता ते भोवऱ्यासारखे फिरवा. आपल्या चालू नाण्यांत मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. तो तिरका किंवा डोके खाली असा दिसला, तर ठसा फिरला होता. या चुकीची नक्कल करणे फार अवघड आहे, म्हणून आम्हाला ती आवडते. पण थोडेसे तिरके नाणे पुष्कळदा सापडते. त्याला कोणी विशेष भाव देत नाही.

आणखी एक नवल. एखादे नाणे ठशालाच चिकटून राहते. खाली नवी चकती येते. तिच्यावर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा दाब पडतो. मग तिच्या एका बाजूला चांगले चित्र येते, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल आणि उलटे उमटते. आरशात दिसते तसे. लबाड लोक दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोहाराच्या शेगड्यात आवळतात आणि हेच करू पाहतात. पण तिथे खालचे मूळ चित्र राहतेच. ते चेंगरलेले असते, एवढेच. उलट्या अक्षरांच्या खाली सुलट्या अक्षरांचे अवशेष दिसले, की समजा शेगड्याचे काम आहे.

दहाच्या नाण्याबद्दल लोक फार विचारतात. त्यात बाहेर पिवळे कडे आणि मध्ये पांढरी चकती असते. हे दोन तुकडे आधी जोडून ठेवत नाहीत. ठशाच्या एकाच दाबाने ते एकमेकांत घट्ट बसतात, आणि चित्रही त्याच दाबाने उमटते. म्हणून मधले चित्र सरळ आणि बाहेरची अक्षरे तिरकी, असे टाकसाळीत होऊच शकत नाही. तसे दिसले तर कोणीतरी मधली चकती ठोकून काढली आहे आणि फिरवून पुन्हा बसवली आहे. सांध्यावर ठोकल्याच्या खुणा सापडतील.

भोक पाडलेले नाणे म्हणजे बहुतेक वेळा पोराच्या गळ्यातला ताईत. भोकाच्या कडेला धातू वर आलेला असतो, कारण खिळा किंवा बरमा तयार नाण्यातून गेलेला असतो. पण इथे एक जपून. १९४३ ते १९४७ या काळात टाकसाळीनेच भोकाचा पैसा पाडला होता. लढाईमुळे तांबे महाग झाले होते, म्हणून मध्ये भोक ठेवून धातू वाचवला. तुमच्या आजीच्या गाठोड्यात तो निघेल. त्याचे भोक मोठे, बरोबर मध्यावर आणि गुळगुळीत असते. ती चूक नव्हे आणि मारही नव्हे. तो तसाच होता.

रंगावरून तर मुळीच भुलू नका. विस्तवात पडलेले नाणे काळेनिळे होते. शेणाच्या खड्ड्यात पडलेले तपकिरी होते. पोलादी रुपयावर पिवळा मुलामा चढवून ‘सोन्याचा रुपया’ म्हणून विकणारेही आहेत. लोहचुंबक लावा. पोलाद असेल तर चटकन चिकटेल. काठाजवळ मुलामा झिजून आतला पांढरा रंगही दिसतो.

आता ज्यांना लोक उगीच चूक समजतात, त्या गोष्टी. सालाच्या खाली बारीक खूण असते. शंकरपाळ्यासारखी चौकट असली तर नाणे मुंबईचे. चांदणी असली तर हैदराबादचे. ठिपका असला तर नोएडाचे. काहीच नसले तर कोलकात्याचे. ठिपका म्हणजे डाग नव्हे. २००७ पासून काही वर्षे रुपयावर वर केलेला अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटे होती. ते चित्रच तसे होते. पाचाचे नाणे पिवळे असते, पांढरेही असते. दोन्ही सरकारचीच. दहाच्या नाण्यावर कधी पंधरा रेषा असतात, कधी दहा. काही दुकानदार यातले एक खोटे म्हणून परत करू लागले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की दोन्ही खरी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये बँकेने सांगितले, की तोवर दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले होते आणि चौदाही चालतात. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहाची नाणी २०१२ साली निघाली. ती पुष्कळ निघाली. त्यांना लाखो रुपये मिळतात ही निव्वळ हूल आहे.

मग खऱ्या चुकीला किंमत किती? चूक किती ठळक, नाणे किती स्वच्छ, आणि घेणारा किती हौशी, यावर ती ठरते. बारीक रेघ, पुसलेले अक्षर, थोडा तिरका ठसा, याला जवळजवळ काहीच नाही. अर्धे चित्र सरकलेले, किंवा आरशासारखे उलटे चित्र असलेले नाणे असेल, तर नाण्यांचा जाणता व्यापारी बरे पैसे देतो. पण तो आधी नाणे हातात घेऊन पाहतो. तुमच्याकडून पैसे मागत नाही. ही मोठी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केले आहे. जुनी नाणी आणि नोटा घेण्या-विकण्याच्या व्यवहारात बँक पडत नाही. त्यासाठी कसले शुल्क किंवा कमिशन घेत नाही. आणि आपल्या नावाने ते घ्यायला बँकेने कोणालाही नेमलेले नाही. तेव्हा बँकेचे नाव सांगून कोणी पैसे मागितले तर तो ठग आहे. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितके बरे.

आणि एक. पैसे मिळतील म्हणून घरी नाण्यांवर कानस फिरवू नका. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

खरे चुकीचे नाणे सापडलेच, तर ते चिंचेने, राखेने किंवा लिंबाने घासू नका. घासले की वरची चकाकी जाते, भाव जातो, आणि चूक खरी की खोटी हे सांगणाऱ्या खुणाही जातात. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. त्र्यंबकेश्वराला जाणार असाल तर वाटेवर अंजनेरी लागते. तिथे नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि नाण्यांचे संग्रहालय आहे. ते पाहून या. तिथली जुनी नाणी पाहिलीत तर एक गंमत ध्यानात येईल. आपल्या शिवराया हाताने पाडलेल्या. एकाने ठसा धरायचा, दुसऱ्याने घण घालायचा. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान. त्यामुळे एका शिवराईवर ‘श्री राजा’ दिसते पण ‘शिव’ अर्धे तुटते, दुसरीवर ‘छत्र’ असते तर ‘पति’ काठाबाहेर जाते. आजच्या रुपयावर असे झाले तर ती टाकसाळीची चूक. शिवराईवर ती रीतच होती. म्हणून नांगरटीत सापडलेल्या तुटक अक्षरांच्या शिवराईला कोणी ‘चुकीचे दुर्मिळ नाणे’ म्हणून जादा भाव सांगू लागला, तर त्याला अंजनेरीची वाट दाखवा.